पोरगी घरी राहिली तर

शेतकऱ्याच्या घरात पोराला शिकायला बाहेर पाठवायचं की नाही, हा निर्णय सहसा एकदाच होतो. दहावीचा निकाल लागला की बाप दोन-चार रात्री अंगणात बाजेवर कूस बदलत पडतो, आई गप्प गप्प राहते, कुणीतरी मास्तर येऊन दोन शब्द सांगून जातो आणि मग ठरतं. हो तर हो, नाही तर नाही. मी १९७६ साली दहावी झालो तेव्हा आमच्या घरात हे एका वाक्यात ठरलं. बहात्तरच्या दुष्काळात गेलेली बैलजोडी अजून पुरी झाली नव्हती. वडील म्हणाले, "बैल एकच हाय, दुसरीकडं तू हो." मी झालो. त्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

माझ्या पोरांच्या वेळी मात्र हाच निर्णय आम्हाला वर्षभरात तीनदा घ्यावा लागला. एकदा पाठवलेली पोरं घरी परत आली होती, आणि त्यांना पुन्हा पाठवायचं का, हे आमच्यावर येऊन पडलं होतं. कोरोनाच्या काळातलं आजारपण, मरण, दवाखाने यांवर पुष्कळांनी लिहिलं. गावाकडच्या आई-बापांनी घरात बसून हे जे ठरवलं, त्याच्याविषयी फारसं कुठं वाचायला मिळालं नाही. म्हणून लिहितो.

आमचं लग्न झाल्यावर अकरा वर्षांनी घरात पाळणा हलला. त्यामुळं माझ्या जोडीची माणसं नातवंडांच्या बालवाडीचं बोलायची तेव्हा मी पोरांच्या कॉलेजचं बोलत होतो. थोरला पुण्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, धाकटी सोलापूरला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. आमचं गाव मोहोळ तालुक्यात, सीनेच्या काठावर. सोलापूर एसटीनं सव्वा तास. धाकटीसोबत गावातल्या आणखी पाच पोरी कॉलेजला जायच्या. सकाळी साडेसहाच्या गाडीला सहा जणी पारापाशी उभ्या असायच्या. एकाच वर्षी सहा पोरी गावाबाहेर शिकायला जातात, हे आमच्या गावानं तोवर बघितलं नव्हतं. म्हातारी माणसं मुद्दाम पाराकडं बघत दात घासायची.

मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली. थोरला पाठीवरच्या पिशवीत दोन कपडे घेऊन आला. आठ-पंधरा दिवसांची सुट्टी धरून त्यानं पुस्तकं, गादी, बादली सगळं पुण्याच्या खोलीवरच ठेवलं होतं. मग २२ तारखेचा जनता कर्फ्यू झाला आणि त्याच आठवड्यात टाळेबंदी लागली. गावातल्या तरण्या पोरांनी वेशीवर बाभळीच्या काट्या ओढल्या. पुण्याहून आलेला म्हणून माझ्या पोराला जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस ठेवलं. ज्या वर्गात तो बाराखडी शिकला, त्याच वर्गात. मी डबा पायरीवर ठेवून लांब उभा राहायचो. तो आतून म्हणायचा, "आप्पा, भिंतीवरचा नकाशा अजून तोच हाय." हसून म्हणायचा, पण मला ते हसू घेऊन घरी येववत नसे.

पोरं घरी आली याचा आनंदही झाला, ते कशाला लपवू? ज्वारीची मळणी राहिली होती, मजूर यायला तयार नव्हते. दोघं भावंडं रानात उतरली. आजीला सोबत झाली. माझी आई तेव्हा ऐंशीची. ती म्हणायची, "रोग वाईट, पण घर भरलं." तिनं तिच्या सासूकडून मानमोडीच्या साथीच्या गोष्टी ऐकल्या होत्या. प्लेगात लोक गाव सोडून रानात खोपी घालून कसे राहायचे, तेही ती सांगायची. तिच्या लेखी साथ म्हणजे येणारी आणि जाणारी गोष्ट. आपण तेवढं रानात सरकायचं.

पावसाळ्यात मोबाइलवरचं कॉलेज सुरू झालं. आमच्या वस्तीवर रेंज नाही. रेंज मिळते ती ओढ्यापलीकडच्या टेकाडावर, म्हसोबाच्या दगडापाशी. घरात चांगला मोबाइल एकच. दोघांचे तास एकाच वेळी आले की टेकाडावर भांडण. पोरांची आई चार दिवस हे ऐकत होती. पाचव्या दिवशी तिनं बाजारात दोन शेळ्या दिल्या आणि धाकटीला मोबाइल आणला. शेळ्या तिच्या होत्या. आमच्याकडं गाई-म्हशी घराच्या असतात, पण शेळ्या आणि कोंबड्या बाईच्या. त्या विकायला तिनं मला विचारलं नाही आणि विचारायचं कारणही नव्हतं.

एक दिवस मी औषध फवारणीचा पंप घेऊन टेकाडाखालून चाललो होतो. धाकटी मोबाइल डोळ्यांसमोर धरून बसलेली. मी विचारलं, काय चाललंय. म्हणाली, "प्रॅक्टिकल." मोबाइलमध्ये एक मॅडम काचेच्या लांब नळीतून खालच्या चंबूत थेंब थेंब सोडत होत्या. धाकटीनं सांगितलं, याला टायट्रेशन म्हणतात. एक थेंब असा येतो की चंबूतल्या पाण्याचा रंग बदलतो. तो थेंब ओळखता आला पाहिजे. एक थेंब जास्त झाला तरी सगळा हिशोब चुकतो. मी म्हटलं, मग ओळख की. ती म्हणाली, "आप्पा, रेंज गेली की चित्र अडकतं. परत येतं तेव्हा रंग बदललेला असतो. तो थेंब मला अजून दिसलाच न्हाई."

हे मला फार लागलं. कारण हे मला कळणारं होतं. चाड्यावर मूठ धरायला माझ्या वडिलांनी मला शिकवलं. बोटांच्या फटीतून बी किती सोडायचं, बैलाच्या चालीबरोबर मूठ कशी सैल करायची, हे तोंडानं सांगून येत नाही. चार ओळी दाट जातात, चार विरळ जातात, मागून शिव्या पडतात, मग हाताला कळतं. पेरणी मोबाइलवर बघून कुणी पेरकरी झालेला मी ऐकला नाही.

त्या वर्षी ऑक्टोबरात पावसानं आमच्या भागाची दैना केली. सीनेला पूर आला. नदीकाठची माती पिकासकट वाहून गेली. माझा दीड एकर कांदा चिखलात बसला. फी, परीक्षेचे पैसे, थोरल्याच्या खोलीचं भाडं हे सगळं त्या कांद्यावर होतं. थोरल्याच्या खोलीचा मालक बंद महिन्यांचंही भाडं मागत होता. अर्ध्यावर तोडजोड करून पोरानं सामान टेम्पोत घालून आणलं.

याच सुमाराला गावात लग्नांचा धडाका सुरू झाला. पन्नास माणसांत लग्न करायचा नियम होता. एरवी पोरीच्या बापाला लग्न म्हणजे मंडप, जेवणावळ, मानपान, बँड, आणि डोक्यावर कर्ज. आता दारापुढं चार पत्रे टाकायचे, भटजी बोलवायचा आणि दुपारपर्यंत मोकळं व्हायचं. सोबत हेही होतं की पूर येऊन गेलाय, हातात पैसा नाही, कॉलेज बंद आहे आणि पोरगी दिवसभर घरात मोबाइल घेऊन बसलेली दिसते. बापाला वाटायचं, उरकून टाकावं. आईला वाटायचं, स्वस्तात होतंय. दिवाळीनंतर सहा पोरींतली एक गेली. जानेवारीत दुसरी. दोन्ही लग्नांना मी होतो. दुसरीचा बाप माझ्या शेजारी बसून म्हणाला, "कॉलेज चालू असतं तर आणखी दोन वर्षं थांबलो असतो, दादा. पण बसवून काय करू?" तो वाईट माणूस नव्हता. ती पोरगी बारावीला तालुक्यात वरच्या नंबरात होती, हे त्यानंच गावभर पेढे वाटून सांगितलेलं होतं.

आमच्या धाकटीलाही स्थळ आलं. माझे मेव्हणे घेऊन आले. मुलगा पुण्यात कंपनीत, टाळेबंदीमुळं घरूनच काम करणारा. काही मागणी नाही. मेव्हणे म्हणाले, "पोरीचं शिक्षण काय पळून जातंय का? लग्नानंतर करतील पुरं." धाकटी स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज थांबला, तेवढ्यावरून कळलं की ती ऐकतेय. पोरांच्या आईनं भावाला चहा दिला आणि म्हणाली, "कॉलेज सुरू होऊ दे. मग बघू." तेव्हा कॉलेज कधी सुरू होणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग बातमी आली. १५ फेब्रुवारी २०२१ पासून कॉलेजं उघडणार, निम्म्या हजेरीवर. पारावर आम्ही पाच-सहा बाप जमलो. एकजण म्हणाला, परीक्षा मोबाइलवरच होणार असतील तर पोरं पाठवून जीव धोक्यात का घालायचा? बोलणं खोटं नव्हतं. दुसऱ्याचा पोरगा मधल्या काळात चाकणच्या एमआयडीसीत कामाला लागला होता, महिन्याला अकरा हजार घरी पाठवत होता. तो बाप म्हणाला, "आता त्याला वह्या घ्यायला कुठल्या तोंडानं सांगू?" तिसऱ्याच्या घरात दम्याची म्हातारी. तो नुसता मान हलवत राहिला. रोगाचं भय प्रत्येकाला होतं. पण बोलणं सगळ्यांचं पोरांविषयी चाललं होतं. पोरींचं नाव कुणी काढत नव्हतं. जणू ते आधीच ठरलेलं होतं.

रात्री जेवणं झाल्यावर आमच्या घरात विषय निघाला. थोरला म्हणाला, माझं शेवटचं वर्ष आहे, प्रोजेक्ट मोबाइलवरच चाललाय, मी घरीच थांबतो. त्याचं तिथंच मिटलं. मग मी धाकटीचं काढलं. एसटीत पन्नास माणसं, सोलापुरात साथीनं किती माणसं नेली ते सगळ्यांना माहीत होतं, आणि घरात ऐंशीची आई. मी म्हटलं, "दोघंही घरीच थांबू द्या. जसं त्याचं तसं तिचं."

पोरांची आई निवडत बसली होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "जसं त्याचं तसं तिचं न्हाई. पोरगं घरी राहिलं तर घरीच हाय. पोरगी घरी राहिली तर ती घरची राहत न्हाई."

मी काही बोललो नाही. ती पुढं म्हणाली, "रोगाचं मला बी भ्या वाटतं. पण रोग आला तर दवाखाना हाय, औषध हाय, काय तरी हाय. पोरीचं कॉलेज एकदा सुटलं तर त्याला कंचं औषध हाय? माझा भाऊ परत यील. ह्या बारीला मी काय सांगू त्याला?"

धाकटी आजीकडं बघत होती. तिला जायचं होतं, पण आपल्यामुळं आजीला काही झालं तर, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. आईला ऐकू कमी येतं, पण नको तेवढं बरोबर येतं. ती म्हणाली, "माझ्याकडं कशाला बघतीस? मी काय जात्याचा खुंटा हाय का, मला धरून बसायला? मला रानातल्या खोलीत टाका. साथीत रानातच ऱ्हायचं असतं."

आणि खरंच तसं केलं. आईची बाज रानातल्या पत्र्याच्या खोलीत हलवली. मी तिच्या सोबतीला झोपायला. धाकटीनं संध्याकाळी आल्यावर गोठ्यापाशी अंघोळ करायची, कपडे गरम पाण्यात टाकायचे, मगच घरात.

कॉलेजनं मोबाइलवर एक कागद पाठवला होता. त्याची छापील प्रत काढून पालकाची सही हवी होती. पाल्याला स्वतःच्या जबाबदारीवर पाठवत आहे, काही झाल्यास महाविद्यालय जबाबदार राहणार नाही. मी आयुष्यात पुष्कळ कागदांवर सह्या केल्या आहेत. सोसायटीचं कर्ज, दुसऱ्याला जामीन, पीकविमा, ठिबकचं अनुदान. त्या प्रत्येक कागदावर रकमेचा रकाना असतो. बुडालं तर किती बुडणार ते कळतं. या कागदावर रकमेचा रकाना नव्हता. मी पेन घेऊन बसलो. पोरांच्या आईनं हात पुढं केला, "आणा हिकडं. पाठवा मी म्हणाले, सही मी करते." ती चौथीपर्यंत शिकलेली. जिभेचं टोक दातांत धरून तिनं एकेक अक्षर काढलं. नाव, वडिलांचं... थांबली, खोडलं, नवऱ्याचं नाव, आडनाव. मी त्याखाली माझी सही केली.

सहांतल्या तिघी त्या सोमवारी पारापाशी उभ्या राहिल्या. दोघींची लग्नं झालेली. एकीला घरच्यांनी थांबवलं.

एक दिवसाआड असं करत धाकटीचं कॉलेज सगळं मिळून नऊ दिवस झालं. पण त्या नऊ दिवसांत तिनं टायट्रेशन केलं. एके दिवशी एसटीतून उतरून ती सरळ रानात आली, लांबूनच ओरडली, "आप्पा, दिसला थेंब!" आजीला वाटलं पाऊस आला. फेब्रुवारीत कुठला पाऊस म्हणून ती बाहेर येऊन आभाळ बघत उभी राहिली.

नंतर पुन्हा सगळं बंद झालं, आणि एप्रिल-मे आला. त्या दोन महिन्यांविषयी थोडंच लिहितो. माझा चुलतभाऊ गेला. सोलापुरात खाट मिळायला रात्र गेली, आणि मिळाली तेव्हा उशीर झाला होता. इंजेक्शनसाठी आम्ही तीन गावं फिरलो. त्याला खांदा द्यायला मिळाला नाही. गावात पंधरा दिवसांत सात माणसं गेली. पण एक गोष्ट तेव्हाच माझ्या ध्यानात आली. कॉलेजं बंद होती, पोरं घरात होती, एसटी बंद होती, तरी रोग आला. तो लग्नातून आला, तेराव्यातून आला, किराणाच्या दुकानातून आला. पोरींना घरात बसवलं म्हणून तो वेशीवर थांबला नाही.

हे कळूनही दुसऱ्या वेळचा निर्णय सोपा झाला नाही. उलट अवघड झाला. फेब्रुवारीत आम्ही न पाहिलेल्या गोष्टीला भीत होतो. आता पाहिलेल्या गोष्टीला भीत होतो.

२० ऑक्टोबर २०२१ पासून कॉलेजं पुन्हा उघडली. दोन्ही लशी घेतलेल्यांनाच आत प्रवेश. अठरा वर्षांवरच्यांची लस मे महिन्यात सुरू झाली खरी, पण आमच्या आरोग्य केंद्रात लस यायची पन्नास आणि माणसं यायची तीनशे. पहाटेच रांगेत दगड, चपला, पिशव्या मांडलेल्या. धाकटीला पहिला डोस जुलैत मिळाला. त्यानंतर चौऱ्याऐंशी दिवस थांबायचं होतं. तिनं कॅलेंडरवर चौऱ्याऐंशीव्या दिवसाला गोल केला. पोरांच्या आईनं त्या कॅलेंडरला हात लावू दिला नाही, दुधाचा हिशोबही दुसरीकडं लिहिला. दरम्यान मेव्हणे दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा ती त्यांना कॅलेंडर दाखवायची.

या वेळी सहीला कुणी थांबलं नाही. धाकटी शेवटच्या वर्षाला होती. पारावर तिघी पुन्हा उभ्या राहिल्या. थांबवलेल्या चौथीचं मे महिन्यात लग्न झालं होतं, तेही पंचवीस माणसांत.

आणि आठ-दहा दिवसांत एसटीच बंद पडली. महामंडळाचं शासनात विलीनीकरण करा म्हणून कामगारांनी संप पुकारला. गाडी येईना. तिघींपैकी एकीचा बाप एसटीत कंडक्टर. तो संपात, पगार बंद. पोरगी कॉलेजला कशी जाणार म्हणून तोच पाराखाली डोकं धरून बसला होता. मी त्याला म्हटलं, "तुझीच गाडी, आन तुझीच पोरगी अडकली." तो म्हणाला, "दादा, मी संप सोडला तर पोरीच्या पुढं कुठल्या तोंडानं जाऊ, आन न्हाई सोडला तर तिला पाठवू कशानं?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

वडापवाल्यांनी भाडं दुप्पट केलं. वर जीपमध्ये सोळा-सतरा माणसं, पाय ठेवायला जागा नाही. पोरींनी टपावर बसायचं का? पुन्हा तोच प्रश्न. या वेळी रोगाच्या जागी गाडी होती एवढाच फरक. घरी बसवायला कारण लागतं, आणि कारणं कधी कमी पडत नाहीत, हे मला तोवर कळून चुकलं होतं.

मार्ग बायांनी काढला. तिघींच्या आया आमच्या ओट्यावर बसल्या. आमच्याकडं सावड असते. आज तुमच्या रानात सगळ्यांनी खुरपायचं, उद्या आमच्या. मजुरी नाही, फक्त पाळी. त्यांनी तीच सावड सोलापूरला न्यायचं ठरवलं. जुळे सोलापुरात एक खोली बघायची. तिघी पोरी तिथं राहतील. तरण्या पोरी एकट्या नकोत म्हणून एकेका आठवड्याला एकेकीची आई जाऊन राहील, स्वयंपाक करील. खोलीचं भाडं तीन हजार, एकीला हजार पडले. कंडक्टरकडं ते हजारही नव्हते. त्यानं ज्वारीचं एक पोतं आणून खोलीत टाकलं आणि सगळ्यांनी ते भाडं धरलं.

पोरांची आई बाळंतपण आणि दवाखाना सोडून कधी शहरात रात्र राहिली नव्हती. पहिल्या आठवड्याला जाताना तिनं पिशवीत खलबत्तासुद्धा घेतला. आली ती गप्पा घेऊनच. शहरात पाणी रोज येत नाही, आलं तर रात्री येतं. शेजारणी दार लावून जेवतात. कॉलेजच्या फाटकापर्यंत ती रोज पोरींना सोडायला जायची. शिपायानं एकदा विचारलं, मावशी, आत काय काम आहे? ती म्हणाली, "काम आत गेलंय. मी फाटक बघाय आलेय."

तिच्या आठवड्यात घरात मी, थोरला आणि म्हातारी. भाकरी मी थापायचो. पहिली भाकरी बघून आई म्हणाली, "ही भाकरी हाय का तलाठ्याचा नकाशा?" पण खाल्ली.

मधे जानेवारी २०२२ मध्ये तिसरी लाट आली, पुन्हा कॉलेजं महिनाभर बंद. खोली मात्र बायांनी सोडली नाही. रिकाम्या खोलीचं भाडं भरलं. मी म्हटलं, महिना सोडून द्या, फेब्रुवारीत दुसरी बघू. पोरांची आई म्हणाली, "किल्ली कनवटीला हाय तवर पोरीला कुणी घरी बसवत न्हाई." महिनाभर ती किल्ली खरोखर तिच्या कनवटीला होती.

एप्रिलमध्ये संप मिटला. कंडक्टर पुन्हा गाडीवर रुजू झाला. उन्हाळ्यात तिघींच्या परीक्षा झाल्या, समोरासमोर, कागदावर. तिघीही पास झाल्या. थोरल्याची पदवी त्याच्या आदल्या वर्षी घरबसल्या झाली होती. त्याला नोकरीच्या मुलाखतीत आधी साल विचारायचे आणि मग गालात हसायचे. कोरोना बॅच म्हणून पोरांची फार चेष्टा झाली. ती पोरं आळशी नव्हती. टेकाडावर उन्हात बसलेली मी त्यांना बघितली आहेत. थोरल्याला लागायला दीड वर्ष गेलं, पण लागला.

धाकटी आता एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. हंगामात तिला पाळ्या असतात. उसाचा रस तपासायचा, त्यात साखर किती ते काढायचं. आमचा ऊस त्याच कारखान्याला जातो, म्हणून मी एकदा म्हटलं, जरा बापाच्या उसाकडं बघ. ती म्हणाली, "आप्पा, नळीत गेल्यावर ऊस कुणाचा ते कळत न्हाई." मेव्हण्यांनी आणलेला मुलगा कधीच दुसरीकडं संसाराला लागला. तिच्या लग्नाचं आता तिलाच विचारून चाललंय, सावकाश.

सहातल्या ज्या तिघींची लग्नं झाली त्या सुखात नाहीत असं मला म्हणायचं नाही. एकीचं घर चांगलं आहे, नवरा समजूतदार आहे. लग्नानंतर शिक्षण पुरं करतील, असं तिघींच्याही बैठकीत ठरलं होतं. मी त्यातल्या दोन बैठकांना होतो, म्हणून मला ठाऊक आहे. तिघींपैकी एकीचंही पुरं झालेलं नाही.

मागच्या नागपंचमीला त्यातली ती बारावीला वरच्या नंबरात आलेली पोरगी माहेरी आली होती. कडेवर दोन वर्षांचं पोर. झोका सोडून ती आमच्या ओट्यावर आली. धाकटीला म्हणाली, नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.ए. करता येतं म्हणतात, घरी बसून, फॉर्म कसा भरायचा ते सांग. तिच्या सासरी हे अजून कुणाला सांगितलेलं नव्हतं. धाकटीनं मोबाइल काढला. पोरांच्या आईनं त्या पोराला कडेवर घेतलं आणि कोंबड्या दाखवायला गोठ्याकडं घेऊन गेली. जाताना मला म्हणाली, "अवो, तुमी वाईच पारावर जाऊन या." मी उठलो. त्या दोघींना बोलायला जागा हवी होती.